बॅटरीच्या गाडीची वैरण

लालासाहेबांना आयुष्यात एकच गोष्ट पटलेली होती: द्यायचं तर भरपूर द्यायचं. उसाला पाणी सोडलं की सरी तुडुंब भरली पाहिजे, पाहुणा जेवायला बसला की तो भिंतीचा आधार घेऊनच उठला पाहिजे आणि बैलापुढं पेंड ठेवली की ती गव्हाणीतून सांडली पाहिजे. पिंपळओढ्यात विहिरीवर मोठी मोटर पहिल्यांदा बसवली ती त्यांनीच. ती सुरू झाली की शेजारच्या मळ्यांतल्या मोटरी धापा टाकायला लागत आणि गावातले दिवे काजव्यासारखे होत. याचं लालासाहेबांना वाईट वाटत नव्हतं, उलट थोडं बरंच वाटायचं.

असा माणूस लेकाच्या गाडीसाठी चार्जर निवडायला कोरेगावला निघाला होता. तो काय निवडणार हे सांगायला जोशीबुवांची गरज नव्हती.

गाडी कसली आणि चार्जर कसला, ते आधी सांगायला हवं. लालासाहेबांचा थोरला नाथाजी पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा पाय सुरुंगावर पडला. उजवा पाय मांडीपासून गेला, डावा राहिला तो नावापुरता. पुण्याच्या इस्पितळात दिवस काढून तो कुबड्यांवर घरी आला, तेव्हा लालासाहेबांनी त्याला बसायला मोठी खुर्ची आणली. भरपूर द्यायची सवय होती ना, म्हणून खुर्चीही घरात मावणार नाही इतकी मोठी होती.

त्या वर्षीच्या बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, एक गोष्ट झाली. बेंदराला घराची बैलं त्या घरच्या कर्त्या पोरानं वेशीतून काढायची, अशी पिंपळओढ्याची रीत. नाथाजी मिसरूड फुटल्यापासून हे करत आला होता, पलटणीतून रजा घ्यायचा तीही बेंदराचीच. त्या वर्षी मात्र चुलतभाऊ बाळासो त्याला पाठीवर घेऊन देवळापर्यंत गेला, पायरीवर खुर्ची टाकून त्याला बसवलं आणि बैलं बाळासोनंच काढली. येणारा-जाणारा प्रत्येक जण नाथाजीच्या खांद्यावर हात ठेवून गेला. घरी आल्यावर त्यानं अंगातला नवा सदरा काढून ट्रंकेत टाकला.

"आबा," तो म्हणाला, "म्होरल्या बेंदराला बैलं मी काढणार. माज्या अंगाला, न्हाईतर मी ज्यावर बसलोय त्याला, कुणाचा हात लागायचा न्हाई."

ते वाक्य लालासाहेबांच्या काळजात जाऊन बसलं. पोरगं पाय मागत नव्हतं, एवढंच मागत होतं.

फटफटी किंवा ट्रॅक्टरवर बसून बैल चालवता येत नाही. इंजिनाचा आवाज झाला की बैल बुजतो आणि कासरा धरणाऱ्यालाच फरफटत नेतो. नाथाजीच्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. दारूगोळ्याच्या कोठारात ठिणगीची भीती म्हणून पेट्रोलची गाडी फिरकू देत नाहीत. तिथं सामान वाहायला बॅटरीवर चालणाऱ्या बुटक्या गाड्या असतात, त्या त्यानं पाहिल्या होत्या. लष्करी लिलावात तसली एक निघाली, ती त्यानं आणवली. कोरेगावात पीरमहंमदभाईंचं जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचं आणि बॅटऱ्यांचं दुकान होतं. भाईंनी तिला बसकं आसन जोडलं, पायाचा ब्रेक हाताशी आणला आणि वेगाचा दांडाही तिथंच बसवला. गाडी चालायची बैलाच्या चालीनं आणि आवाज म्हणाल तर चाकाखाली खडा फुटेल तेवढाच. घरचा पाखऱ्या बैल तिच्याजवळ आला, तिला हुंगलं आणि पुन्हा रवंथ करत उभा राहिला. त्या दिवसापासून लालासाहेबांना ती गाडी घरचं जनावरच वाटायला लागली.

पण या जनावराच्या वैरणीची सोय नव्हती. लिलावात गाडी आली, चार्जर आला नाही. म्हणून ही कोरेगावची वारी.

भाईंनी टेबलावर दोन चार्जर मांडले. एक सांगलीच्या दुकानातून नमुन्याला आणलेला: हिरवागार, पेटीएवढा, दर्शनी बाजूला दोन काटे. दुसरा त्यांनी स्वतः तारेची वेटोळी भरून बनवलेला, पत्र्याच्या डब्यातला, दिसायला अगदीच गरीब. मोठा दुपारच्या दुपारी गाडी भरणार. लहान्याला रात्र लागणार, कधी दुसऱ्या दिवसाची दुपारही. लालासाहेबांनी हिरव्या चार्जरवरून हात फिरवला आणि खिशाकडे हात नेला.

तेवढ्यात सून बोलली. अंजना बाकावर बसलेल्या नाथाजीच्या कुबड्या धरून दाराशी उभी होती. ती माणची, दहिवडीकडची. नाथाजी इस्पितळात होता तेव्हा ती सगळा वेळ त्याच्या उशाशी होती आणि तिथंच तिला डॉक्टरांना प्रश्न विचारायची सवय लागली होती.

"भाई, बॅटरी भरली की ह्यो मोठा आपणहून थांबतो का?"

"न्हाई बेटी. बघत बसाया लागतं. ध्यान चुकलं की आतलं पाणी उकळतं, आन वाफ धरती ती पेटणारी. दिवा-बिडी लांब ठेवायची."

"आन ल्हान?"

"त्यो इसरला तरी लवकर नुकसान करत न्हाई. लाइट कमी आली तरी चालतो, आपला हळूहळू."

अंजनानं नवऱ्याकडे बघितलं. नाथाजी म्हणाला, ल्हानच द्या भाई. लालासाहेबांचा हात खिशातच राहिला. भाईंनी वाफेचं सांगितलं तेव्हा ते मोठ्याच्या काट्यांकडे बघत होते, त्यामुळं ते त्यांच्या कानावर पडलं, पण आत गेलं नाही.

घरी रंगूबाईंनी, म्हणजे लालासाहेबांच्या मंडळींनी, डबा बघितला आणि म्हणाल्या की कोरड्या मुलखातल्या पोरीला घेऊन बाजारात गेलं की असंच व्हायचं. ही गोष्ट त्यांना सुनेबद्दल नेहमीच म्हणायची असे. अंजना भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याला घालायची, तेव्हा लालासाहेबही हसायचे. हितं पाण्याला तोटा न्हाई पोरी, म्हणायचे.

लहान चार्जर गोठ्यालगतच्या पडवीत बसला आणि कामाला लागला. अंजना जाता-येता बॅटऱ्यांच्या कडेला उलटा हात लावून बघायची, तापल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. नाथाजी एकटा मळ्यात जायला लागला. पहिल्या दिवशी तो बांधावर गाडी उभी करून उसाकडे बघत बसला होता, तेव्हा लालासाहेब विहिरीच्या आडोशाला उभे राहून रडले आणि तोंड धुऊनच बाहेर आले.

सुख मात्र सलग नव्हतं. एक दिवस लांबच्या मळ्यात जाऊन आलं की दुसरा दिवस गाडी पडवीत. पारावर कोंडीबा टपून बसलेला असे. "लालासाहेब, तुमची गाडी आजून रवंथ करतीया व्हय?" तो विचारायचा आणि सगळे हसायचे. ज्याच्या मोटरीनं अख्ख्या गावाचे दिवे मंदावतात त्याच्या लेकाची गाडी डबड्यानं भरते, हे लालासाहेबांना खुपायला लागलं. बेंदूर जवळ आला होता. त्या एका दिवशी गाडी कमी पडली तर पोराचं वर्ष जाईल, ही धास्तीही होतीच.

गूळ घेऊन ते सांगलीला गेले आणि येताना एसटीच्या टपावर गोणपाटात गुंडाळलेली एक पेटी आणली. ती त्यांनी कणगीमागं ठेवली. कुणाला सांगितलं नाही.

बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं, त्यांना चापून खायला घालायचं. नाथाजी आणि बाळासो बैलांच्या शिंगांसाठी शेंब्या-गोंडे आणायला एसटीनं कोरेगावला गेले होते, अंजना धुणं घेऊन नदीला. लालासाहेबांनी पाखऱ्या आणि हौश्याचे खांदे चोळले, त्यांना भिजवलेली पेंड आणि गूळ चारला. मग हात पुसता पुसता त्यांची नजर गाडीवर गेली. उद्याचा सगळा भार जिच्यावर, तिला मात्र तोच रोजचा घोट-घोट. हे काही माणसाला शोभत नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी गाडीच्या पुढच्या पत्र्यालाही हळद-लोण्याचं बोट लावलं, हिरवी पेटी काढली आणि भाईंच्या दुकानात पाहिलं होतं तसे चिमटे लावून बटण दाबलं.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती, त्यामुळं गावातल्या मोटरी रोज चालू असत. खांदेमळणीला मात्र माणसंही घरी आणि मोटरीही बंद. वर्षातून एखाद्याच दिवशी पिंपळओढ्याला एवढी भरघोस वीज मिळत असेल. दोन्ही काटे सणकन टोकाला गेले. लालासाहेबांना वाटलं, आता बघा म्हणावं कोंडीबाला. तेवढ्यात मिरवणुकीचा क्रम ठरवायला त्यांना पारावर बोलावणं आलं. तिथं कुणाची बैलं कुणाच्या पुढं यावरून नेहमीप्रमाणं भांडण झालं, ते मिटवता मिटवता तंबाखूच्या चंच्या रिकाम्या झाल्या आणि पेटीची आठवण कुणाला राहते?

दिवेलागणीला ते परतले, तेव्हा रंगूबाई ताटात निरांजन लावून बैलांना ओवाळायला पडवीकडे निघाल्या होत्या. पडवीचं दार लोटलेलं होतं आणि आतून कसला तरी आंबट वास येत होता. पेंड आंबली असेल, असं रंगूबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार ढकललं. त्याच वेळी अंजना धुण्याची पाटी घेऊन परसदारानं आली. तिनं वास घेतला, पाटी तिथंच टाकली, धावत येऊन सासूचा दंड धरला आणि ताटातल्या निरांजनावर फुंकर मारली.

ओवाळणीचा दिवा, भरल्या सांजेला, तोही फुंकरीनं. रंगूबाई मटकन खाली बसल्या. लालासाहेबांच्या कपाळाची शीर तटतटली. पण त्यांच्याकडे बघायला अंजनाला सवड नव्हती. तिनं भिंतीपलीकडं जाऊन मेन बटण बंद केलं, दोन्ही दारं सताड उघडली, बैलं सोडून अंगणात आणली. मग ती सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामा, बॅटरी उकळली की जी वाफ धरती ती पेटती. भाईंनी तवाच सांगितलं हुतं. दिवा आत गेला आसता तर त्याच्या मागं आत्याबी गेल्या आसत्या."

लालासाहेबांनी आत डोकावून बघितलं. बॅटऱ्यांच्या झाकणांतून फेस येऊन कडांवरून ओघळला होता आणि आतून अजून रटरट ऐकू येत होती. गाडीच्या पत्र्यावर त्यांनीच लावलेलं हळदीचं बोट तसंच होतं.

नाथाजी आला. त्यानं कुबडी भिंतीला टेकवली, बॅटरीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "आबा, तुमी माज्यापायीच केलंसा." लालासाहेब अंगणात जाऊन बैलांच्या आडोशाला उभे राहिले. आपल्या हातानं आपण पोराचा दुसऱ्यांदा पाय तोडला, असं त्यांना वाटलं, आणि त्या रात्री त्यांनी सणाच्या घरात भाकरीचा तुकडासुद्धा मोडला नाही.

सकाळी निरोप मिळताच पीरमहंमदभाई सायकलला बॅटरीच्या पाण्याच्या बाटल्या अडकवून आले. थंड झालेल्या बॅटऱ्यांत त्यांनी पाणी भरलं, सगळं तपासलं आणि मान हलवली. निम्मी ताकद गेली होती. लहान चार्जर लावायचा आणि मिरवणुकीपर्यंत भरेल तेवढी भरू द्यायची, याउपर इलाज नव्हता. "येशीपातूर पोचंल का, ते मी सांगू शकत न्हाई लालासाब," ते म्हणाले. नाथाजी म्हणाला, जिथवर जाईल तिथवर जाईन.

अंजना पडवीत चार्जरपाशी बसून राहिली. लालासाहेब तिच्याजवळ आले, उभे राहिले, मग गव्हाणीच्या कडेवर टेकले. घरात पुरण शिजत होतं, बाहेर पोरं बैलांची शिंगं रंगवत होती. या पोरीनं आपलं घर जळण्यापासून वाचवलं आणि रात्रीपासून एका शब्दानं ते बोलून दाखवलं नाही, हे त्यांच्या मनात घोळत होतं. त्यांनी विचारलं, "तुला हे जमतं कसं गं, आसं बसून ऱ्हायाला?"

अंजना हसली. "आमच्याकडं माणगंगेत बारा म्हैने वाळूच, मामा. वाळूत खड्डा उकरायचा, झिरा म्हणत्यात त्याला. तळाला वंजळभर पाणी येतं. वाटीवाटीनं घागर भरायची. घाईनं उपसलं की गढूळ येतं, लयच उपसलं की काठ ढासळून झिरा बुजतो. न्हानपणापासनं म्या तेच केलंय." मग थोड्या वेळानं तिचं तिलाच आठवल्यासारखं ती म्हणाली, "आन उपसून रिकामा झाला म्हंजे झिरा मेला आसं न्हाई. हात काढून घ्यायचा, गप बसायचं. पुन्यांदा धरतो पाणी."

उभ्या जन्मात लालासाहेबांनी पाण्याबद्दल दुसऱ्या कुणाकडून काही शिकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी ते गव्हाणीच्या कडेवर बसून ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता त्यांना आपल्या सुनेचा अभिमान वाटायला लागला.

उन्हं कलली आणि हलगी कडाडली. नाथाजीनं ट्रंकेतला सदरा काढून घातला होता. एका बाजूला पाखऱ्या, दुसऱ्या बाजूला हौश्या, शिंगांना बेगड, अंगावर झुली. दोघांचे कासरे नाथाजीच्या डाव्या हातात आणि उजवा हात वेगाच्या दांड्यावर. गाडी हलली. आळीतली माणसं दोन्ही बाजूंना दाटली होती, पण खांद्यावर हात ठेवायला कुणी पुढं येत नव्हतं, कारण खांदा पुढं पुढं चालला होता. लालासाहेब मागून चालत होते.

वेशीच्या अलीकडे थोडा चढ आहे. बैलांना तो कळतही नाही. गाडीला कळला. ती मंदावली, कण्हल्यासारखी दोन हात पुढं सरकली आणि वेशीच्या दगडी उंबऱ्यापासून वावभर, पसरल्या दोन हातांएवढ्या अंतरावर थांबली. नाथाजीनं दांडा पुढं रेटला. काही झालं नाही.

हलगी थांबली. मागं गावातल्या सगळ्या घरांची बैलं खोळंबली. बाळासोनं बाह्या सारल्या, चार पोरं पुढं झाली आणि सगळ्यांच्या आधी खुद्द लालासाहेबांचे हात गाडीच्या मागच्या पत्र्याकडे गेले. एक जोराचा धक्का दिला की काम झालं असतं. नाथाजीनं मागं वळून बघितलं नाही, पण त्याची पाठ ताठ झाली होती. लालासाहेबांना ती दिसली, ट्रंकेतला सदरा दिसला. त्यांनी बायकांच्या घोळक्यात अंजनाला शोधलं.

अंजना काही बोलत नव्हती, हातही हलवत नव्हती. वेशीच्या भिंतीला पाठ लावून ती खाली बसली होती, घागर शेजारी ठेवून बसावं तशी.

लालासाहेबांनी हात मागं घेतले, वळले आणि दोन्ही हात आडवे पसरून पोरांच्या आड उभे राहिले. "कुणी हात लावायचा न्हाई. थांबायचं."

"आवं लालासाहेब, मागं सगळ्या गावाची बैलं हायती," कोंडीबा म्हणाला.

"आसू द्या. बेंदूर बैलांचाच हाय. त्यास्नी घाई न्हाई." असं म्हणून लालासाहेब नव्या धोतरासकट गाडीच्या मागं धुळीत मांडी घालून बसले. नाथाजीनं दांडा मागं घेतला आणि त्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

आधी बाळासो बसला, मग हलगीवाला. कुणी तंबाखू काढली. शेवटी पुटपुटत कोंडीबाही बसला. बैलं शेपट्या हलवत रवंथ करत होती. कर्त्या-सवरत्या माणसांचं अख्खं गाव वेशीसमोर गुपचूप बसलं होतं आणि एवढ्या सगळ्यांना एका पोरीनं एक शब्दही न बोलता बसवलं होतं. लालासाहेबांना वाटलं, आपली मोटर सुरू झाल्यावर गावाचे दिवे मंदावायचे, ते काहीच नव्हतं.

उन्हं वेशीच्या कमानीवर चढली, तेव्हा अंजना उठली आणि तिनं लुगड्याची धूळ झटकली. नाथाजीनं तिच्याकडे बघितलं आणि दांडा अगदी हळू पुढं सारला.

आवाज कसलाच झाला नाही. चाकाखाली एक खडा फुटला. पाखऱ्यानं मान उचलली, हौश्यानं पाऊल टाकलं आणि गाडी उंबरा चढून वेशीतून पार झाली. कुणाचा हात लागला नव्हता. हलगीवाला वाजवायचं विसरला होता, तो भानावर येऊन वाजवायला लागला.

वेशीपलीकडं रंगूबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. निरांजनात वात होती, तूप होतं, पण ती पेटवलेली नव्हती. काडेपेटी हातात धरून त्यांनी सुनेला विचारलं, "अंजना, आता लावू का गं दिवा?"

"लावा आत्या. हितं मोकळं हाय."

रंगूबाईंनी दिवा लावला, बैलांना ओवाळलं, लेकाला ओवाळलं, गाडीलाही ओवाळलं. मग त्यांनी अंजनाला हाताला धरून पुढं ओढलं आणि सगळ्या गावासमोर तिलाही ओवाळलं.

मागची बैलं वेशीतून जायला लागली. बाळासोनं येऊन चुलत्याला उठवायला हात पुढं केला. लालासाहेब अलीकडं धुळीतच बसून कमानीतून तिघांकडे बघत होते. जा तू म्होरं, म्हणाले. त्यांना काही घाई नव्हती.